बंगल्यावर काय वापरतात?

आमच्या गिरगावातल्या चाळीत एक प्रश्न आजीला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती कामावरून परतायची. जिना चढून वर आली की गॅलरीत कोणी ना कोणी तांदूळ निवडत बसलेलं असायचंच. मांडीवरचं सूप न हलवता ती बाई विचारायची, "मावशी, बंगल्यावर काय वापरतात हो?"

कधी साबणाबद्दल, कधी केसांच्या तेलाबद्दल, कधी चहाच्या पुड्याबद्दल. आजी वाळकेश्वरच्या एका बंगल्यात तीस वर्षं कामाला होती. चौपाटीवरून सिरी रोडचा चढ चढून जायचं, घरभराचे कपडे धुऊन वाळत घालायचे, शेठाणीला तेल लावून न्हाऊ घालायचं, दुपारी तिचे पाय चेपायचे आणि उन्हं उतरली की खाली यायचं. आमच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत तसल्या बंगल्याच्या न्हाणीघरापर्यंत पोचलेली ती एकटीच. म्हणून तिच्या शब्दाला वजन होतं. "अमकी वडी आहे तिथे," एवढं ती म्हणाली की पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत दोन-तीन घरांत तरी ती वडी लिहिली जायची. वडी परवडणारी असेल तर, अर्थात. नसेल तर तिचं नाव तरी घरात यायचं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. निवृत्त झाल्यापासून मी जुन्या मासिकांचे बांधीव अंक चाळायला जाते. जाते कथा वाचायला, आणि अडकते जाहिरातींत. केशतेलं, दंतमंजनं, शक्तिवर्धक अवलेह, साबण. जाहिरातीखाली बारीक टायपात प्रशस्तिपत्रं. कोणी वकील, कोणी मामलेदार, कोणी संस्थानच्या राणीसाहेब. पत्राच्या मायन्यात ज्याला त्याला 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री लिहिणारा आपला समाज. तेलाच्या बाटलीनेही राजमान्य व्हावं असं विकणाऱ्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

या रीतीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हिशेबी प्रयोग मात्र अमेरिकेत झाला, आणि तो एका अगदी साध्या वस्तूसाठी झाला. पाँड्सचं क्रीम. ही कंपनी १८४६ पासूनची, न्यूयॉर्क राज्यात एका झाडाच्या अर्कापासून बनवलेल्या औषधावर उभी राहिलेली. पुढे ती दोन क्रीमं विकू लागली, रात्री चेहरा स्वच्छ करायचं कोल्ड क्रीम आणि दिवसा पावडरीखाली लावायचं व्हॅनिशिंग क्रीम. दोन्ही स्वस्त. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळणारी. कारकुनाच्या बायकोला घेता येतील आणि दुकानात काम करणाऱ्या मुलीलाही. अडचण नेमकी तिथेच आली. १९२० नंतर महागडी, मोजक्या दुकानांत मिळणारी क्रीमं बाजारात आली आणि पाँड्सचा खप त्यांच्यापुढे ढिला पडू लागला. जे सगळ्यांना मिळतं ते कोणाला हवंसं वाटेना.

जाहिरातीचं काम जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीकडे होतं. तिथे हेलन लान्सडाउन रिझर ही बाई लेखनाचा विभाग सांभाळायची. अमेरिकेतल्या जाहिरातधंद्यातल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या बायकांपैकी ती एक. तिच्या विभागाने ठरवलं की क्रीमची किंमत वाढवायची नाही, बरणीही तीच ठेवायची, फक्त ती कोणाच्या आरशापुढे आहे ते दाखवायचं. १९२४ मध्ये पहिली जाहिरात आली ती मिसेस ओ. एच. पी. बेलमाँट यांच्या मुलाखतीची. या बाई म्हणजे आधीच्या मिसेस व्हँडरबिल्ट, अमेरिकेतल्या सर्वांत धनाढ्य घराण्यांपैकी एकाची सून. पण त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या खंद्या कार्यकर्त्याही होत्या, आणि आपलं नाव वापरू द्यायचं तर स्त्रियांच्या हक्कांच्या कामाला देणगी द्या अशी त्यांची अट होती. कंपनीने ती मान्य केली. पुढच्याच वर्षी रुमानियाची राणी मेरी, व्हिक्टोरिया राणीची सख्खी नात, त्याच क्रीमच्या जाहिरातीत आली. मग डचेस आल्या, व्हँडरबिल्ट घराण्यातल्या आणखी सुना आल्या. वर्षानुवर्षं ही रांग चालू होती.

त्या काळातली अशी जाहिरात मी बराच वेळ बघत बसते. गळ्यात मोत्यांचे सर, केस नीट बसवलेले, नजर किंचित बाजूला. खाली कोपऱ्यात त्या दोन लहान बरण्या. मजकुरात बाईंचं घर, त्यांचे प्रवास, त्यांची मेजवानी, आणि मग हळूच त्यांची कातडी. मला त्यात एकच गोष्ट खटकते आणि खटकतच राहते. या बाईंच्या घरी बरणीचं झाकण उघडायला कोण होतं? रात्री चेहऱ्यावरचं क्रीम पुसायला मऊ फडकं कोण आणून द्यायचं, आणि सकाळी ते तेलकट फडकं कोण धुवायचं? मोठ्या घरच्या आरशापुढची वस्तू सकाळ-संध्याकाळ ज्या हातांतून जाते, ते हात चित्रात नाहीत.

आजीच्या शेठाणीच्या आरशापुढेही तीच बरणी होती. स्वातंत्र्यानंतरची वर्षं. दुधी काचेची, जाड बुडाची, चेपट बरणी. आजीने ती पहिल्या दिवसापासून पाहिली होती. पुसली होती, जागच्या जागी ठेवली होती. शेठाणी चेहऱ्याला रोज सकाळी दुधाची साय आणि चण्याचं पीठ लावायची. तिची सासू लावायची म्हणून तीही. बरणीतलं क्रीम चेहऱ्याला लागल्याचं आजीने कधी पाहिलं नाही. ते लागायचं टाचांना. थंडीच्या दिवसांत शेठाणीच्या टाचांना भेगा पडायच्या, आणि दुपारी जेवणानंतर ती पलंगावर आडवी झाली की आजी पायथ्याशी बसून बोटभर क्रीम घ्यायची, तळहातावर चोळायची आणि तिच्या टाचांत जिरवायची. एकेका टाचेला पाव तास.

टाचा भरल्या की नाही हे मला माहीत नाही. पण आजीचे हात मला आठवतात. दिवसभर सोड्याच्या पाण्यात असणाऱ्या बाईचे हात कसे असतात हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. हाताच्या वरच्या बाजूला कातडी कागदासारखी कोरडी, बोटांच्या बेचक्यांत सोलवटलेली, नखांच्या कडा पांढऱ्या. आजीचेही तसेच होते. फक्त डिसेंबर-जानेवारीत तिचे तळवे मऊ असायचे. रात्री ती आमच्या कपाळावरून हात फिरवायची तेव्हा कळायचं. वरून खरखरीत आणि आतून लोण्यासारखा, असा एकच हात. राणी मेरीच्या सहीने, व्हँडरबिल्टांच्या मोत्यांनी ज्या बरणीला जगभर पोचवलं, त्या बरणीचा गुण माझ्या घरात पोचला तो या वाटेने. शेठाणीच्या टाचांवरून, आजीच्या तळव्यांत उरलेला.

चाळीत हे तिने एकदाच सांगितलं आणि तिला त्याचा पस्तावा झाला. शेजारच्या खोलीत नवीन लग्न होऊन आलेली एक सून होती. रत्नागिरीकडची, सावळी, फार देखणी. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून आणे-आणे वाचवून तिने क्रॉफर्ड मार्केटातून ती बरणी आणली. साडीच्या पदरात झाकून ती आजीकडे आली आणि म्हणाली, "मावशी, हीच ना? शेठाणी हेच लावते ना तोंडाला?" आजी खोटं बोलायची नाही. मालवणीत म्हणाली, "तोंडाक साय लायता ती. ह्यां टाचांक."

ती मुलगी काही बोलली नाही. बरणी पुन्हा पदराखाली गेली. आई सांगते, आजी त्या रात्री जेवली नाही नीट. तिला सारखं वाटत होतं की त्या पोरीने चार महिने जपलेलं काहीतरी आपण एका वाक्यात पायाशी नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम तिच्या दारात गेली आणि म्हणाली, लाव तू, चांगलं आहे ते, माझ्या हातांना विचार. आणि आपले तळवे पुढे केले. त्या सुनेने आजीचे तळवे दोन्ही हातांत धरून बघितले होते. आज ती ऐंशीच्या पुढे असेल. तिची बरणी संपली की नाही, कोण जाणे.

या जाहिरातींना भुलणारी बाई भोळी असते, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्या सुनेला काय आपण राणी होऊ असं वाटत होतं? मुळीच नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या उंच डोंगरावरच्या बाईची आणि आपली कातडी एकाच जातीची असावी. एकाच बरणीने दोघींचं भागावं. दहा बाय बाराच्या खोलीत नळाच्या रांगेवरून भांडणं करत जगणाऱ्या मुलीने हे मागणं मागितलं तर ते फार मोठं नव्हे, आणि तिच्या या मागण्याची किंमत एजन्सीतल्या लोकांनी बरोबर ओळखली होती. राग यायचाच असेल तर त्या ओळखण्याचा यावा.

या रीतीचा उगम शोधत गेलं तर फार मागे जाता येतं. जोसाया वेजवुडने १७६० च्या दशकात इंग्लंडच्या शार्लट राणीसाठी मलईच्या रंगाची भांडी बनवली आणि मग तीच भांडी 'क्वीन्स वेअर' म्हणून मध्यमवर्गाच्या फडताळात नेऊन बसवली. पण मला सांगायचंय ते पेअर्स साबणाबद्दल. १८८० च्या दशकात पेअर्सचा थॉमस बॅरट हा जाहिरातीतला मोठा डोकेबाज माणूस. त्याने लिली लँगट्री या उच्चभ्रू वर्तुळात गाजलेल्या अभिनेत्रीला गाठलं. तिच्या नावाने छापून आलं की पेअर्स वापरायला लागल्यापासून मी बाकीचे साबण सोडून दिले. नावाजलेल्या बाईने साबणाची शिफारस केल्याचं हे अगदी सुरुवातीचं, फार गाजलेलं उदाहरण.

त्यावर १८८४ मध्ये 'पंच' या इंग्लंडातल्या विनोदी साप्ताहिकात हॅरी फर्निसने एक व्यंगचित्र काढलं. मळकट, दाढी वाढलेला एक भणंग टेबलाशी बसून पत्र लिहितोय. तुमचा साबण मी दोन वर्षांपूर्वी वापरला, त्यानंतर दुसरा वापरलेला नाही. बॅरटने ते चित्रच विकत घेतलं आणि पेअर्सची जाहिरात म्हणून छापलं. लोकांना ते भारी आवडलं. वर्षानुवर्षं चाललं ते.

मला ते चित्र पाहवत नाही. त्या काळातल्या साबणाच्या प्रशस्तिपत्रांत गरीब माणूस शोधायला गेलं तर आधी हाच भेटतो, आणि तो हसण्यासाठी आहे. त्याने साबणाबद्दल काही सांगणं हीच गंमत. राणीने सांगितलं तर प्रशस्ती, त्याने सांगितलं तर विनोद. त्याला साबण का मिळत नाही, दोन वर्षांत त्याला आंघोळीचं गरम पाणी कुठे आणि किती वेळा मिळालं, हे त्या चित्राच्या चौकटीत बसत नाही. आजीच्या हातांवर वाढलेल्या माणसाला त्या चित्रात हसण्यासारखं काही सापडणार नाही.

आपल्याकडे या रीतीला एक वेगळं वळण मिळालं आणि ते सांगताना मला खरोखर बरं वाटतं. स्वदेशीच्या काळात आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमाराला 'चावी' नावाचा साबण काढला. त्यात प्राण्यांची चरबी नव्हती, वनस्पती तेलं होती. त्या काळी बहुतेक साबणांत चरबी असे आणि सोवळं पाळणाऱ्या घरांत साबण शिवायचा की नाही यावरून वाद होत. त्यामुळे या वडीचा अर्थ नुसता स्वच्छतेपुरता नव्हता. गोदरेजच्या साबणाला शब्द दिला तो रवींद्रनाथ टागोरांनी. याहून चांगला परदेशी साबण मला माहीत नाही, आणि मी हाच वापरायचं ठरवलं आहे, अशा अर्थाचं ते सांगणं. ॲनी बेझंट यांनीही त्या साबणाची भलावण केली. टागोर काही गरीब घरातले नव्हते, कोलकात्यातल्या जोरासाँकोच्या जमीनदार घराण्यातले. पण लोकांनी त्यांचा शब्द मानला तो वाड्याकडे बघून नाही.

गांधीजींची हकिगत तर वारंवार सांगितली जाते. दुसऱ्या एका साबण बनवणाऱ्याने त्यांच्याकडे आशीर्वाद मागितला तेव्हा त्यांनी नकार दिला. बंधू गोदरेज यांच्याबद्दल मला इतका आदर आहे, की तुमच्या धंद्याने त्यांचं नुकसान होणार असेल तर मी आशीर्वाद देऊ शकत नाही, असं त्यांनी कळवलं. न दिलेलं प्रशस्तिपत्र दिलेल्याहून मोलाचं ठरलं. पुढे १९५० मध्ये बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा झाला. गांधीजी, नेहरू, छत्रपती शिवाजी महाराज यांची नावं आता परवानगीशिवाय धंद्यासाठी लावता येत नाहीत.

आमच्या मुंबईचा अफगाण स्नोही याच गोष्टीतला. इब्राहिम पाटणवाला यांनी सुरू केलेलं हे क्रीम, भायखळ्याच्या कारखान्यातलं. त्याचं नाव अफगाणिस्तानच्या राजाच्या तोंडून आलं अशी कथा सांगतात. हे पाहून मला माझ्या देशातल्या बर्फाची आठवण झाली, असं राजा म्हणाला म्हणे. कथा असेल. पण भायखळ्याच्या क्रीमला काबूलचं बर्फ लागलं हे खरं, आणि आमच्या चाळीत 'स्नो' हा शब्द कुठल्याही पांढऱ्या क्रीमला वापरला जायचा हेही खरं.

मग राणीसाहेबांची जागा सिनेमाने घेतली. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या. लक्ससाठी उभी राहिलेली पहिली भारतीय नटी. धारवाडला जन्मलेली, मराठी रंगभूमीवरून आलेली, पदवीधर, चार मुलांची आई. ती कमावत होती ती त्या मुलांसाठी. आजीच्या पिढीला ती 'आपली' वाटायची. आपल्याकडे साबणाच्या जाहिरातीत आता एक अशी बाई होती जिला कामावर जावं लागत होतं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे, जाहिरात करणाऱ्यांच्या तो ध्यानात आला असो वा नसो.

पण आजी. ती साबण कसा पारखायची ते मी जवळून पाहिलंय, आणि ते कुठल्याच अंकात छापून आलेलं नाही.

वाण्याकडून कपड्याच्या साबणाची लांब लगड यायची, तीतून तुकडा कापून मिळायचा. आजी तुकडा आधी नाकाशी धरायची. उग्र वास आला तर तेल जुनं. मग अंगठा ओला करून कापलेल्या बाजूवर तीनदा फिरवायची. अंगठ्याला बुळबुळ लगेच आली तर ती मान हलवायची, कारण असा साबण पाण्यात बसल्या बसल्या विरघळतो आणि महिना पुरत नाही. मग तो तुकडा खिडकीत वर्तमानपत्रावर आठ दिवस सुकत ठेवायचा. सुकलेला साबण कमी झिजतो. दगडावर चादर आपटायच्या आधी कुठे लावायचा, किती लावायचा, कॉलरीला उलट्या बाजूने का घासायचं, नीळ शेवटच्या पाण्यात किती थेंब, पावसाळ्यात कपड्याला कुबट वास येऊ नये म्हणून काय करायचं. ज्या साबणाने फेस चिकार येतो तो कपड्याला चांगला असेलच असं नाही, हे ती मला मी सात-आठ वर्षांची असताना सांगत होती. फेस डोळ्यांसाठी असतो, मळ पाण्यात बघायचा. धुतलेलं पाणी कसलं निघालं ते बघ, कपडा नको बघूस. आणि सगळ्यात शेवटी ती आपली बोटं फाकवून बेचक्यांकडे बघायची. तिथे आग झाली तर त्या साबणात खार जास्त. हा तिचा शेवटचा शेरा. त्यावर अपील नव्हतं.

बंगल्यात महिन्याला किती साबण येतो, कुठला येतो, हे मात्र शेठाणी ठरवायची. एकदा नवीन, महागडा, सुवासिक साबण कपड्यांसाठी आला. कोणातरी मोठ्या घरी तोच वापरतात म्हणून. पंधरा दिवसांत आजीच्या बोटांना जखमा झाल्या. तिने फडकी बांधून कपडे धुतले. साबण महिनाभर चालू राहिला, संपेपर्यंत. "सांगितलं का नाहीस?" असं आईने विचारलं. आजीने फडकं सोडता सोडता उत्तर दिलं, "माका कोणी इचारल्यान?"

मला कोणी विचारलं? ती चिडून म्हणाली नव्हती. खरंच कोणी विचारलं नव्हतं. चाळ विचारायची, पण चाळही विचारायची ते बंगल्यावर काय वापरतात. तुझं मत काय, तुझ्या हातांना काय मानवतं, हे आम्हीही कधी विचारलं नाही. हे लिहिताना मला माझ्या घरच्यांचा आणि माझाही राग येतो. डोंगरावरून खाली येणारी बातमी आम्हाला हवी होती. बातमी आणणाऱ्या बाईकडे तीस वर्षांची विद्या होती, आणि आम्ही तिला निरोप्या करून ठेवलं.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर ललिताजी आली तेव्हा आजी हयात होती. सर्फची जाहिरात, निर्माच्या स्वस्ताईला उत्तर म्हणून लिंटास या जाहिरात एजन्सीच्या अॅलेक पदमसींनी केलेली. कविता चौधरी भाजी मोलभावाने घेते आणि मग सांगते की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता आणि आम्ही सगळे दारात बसून बघायचो. पहिल्यांदाच पडद्यावर एक बाई साबणाबद्दल हिशेब करून बोलत होती. आजी तिच्याकडे टक लावून बघायची. पुढे वाचनात आलं की पदमसींना ललिताजी सापडली ती आपल्या आईत, आणि ती तर सुखवस्तू घरातली, पण पैशापैशाचा हिशेब ठेवणारी. म्हणजे ललिताजीही वरून खालीच आली होती. तरी मला ती प्रिय आहे. तिने निदान कारण सांगितलं. राणी मेरीने कुठे सांगितलं होतं?

आता कायदा कडक झालाय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की शिफारस करणाऱ्याने खात्री करून बोलावं आणि कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा. दिशाभूल केली तर शिफारस करणाऱ्यालाही दंड आहे, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत. चांगलंच आहे. पण ज्याला कधी विचारलंच जात नाही, त्याला विचारा असं कुठलं कलम सांगणार?

शेठाणीने संपलेली बरणी आजीला दिली होती. ती माझ्याकडे आहे. आजीने तिच्यात मेण भरून ठेवलं होतं. कुंकवाखाली लावायचं मेण. रोज सकाळी बोट मेणावर फिरवायचं, कपाळावर गोल टेकवायचं आणि त्यावर पिंजर. आजोबा गेल्यावर तिने कुंकू सोडलं, पण बरणी रिकामी केली नाही. मेण अजून आहे, पिवळं पडलेलं, वर धुळीचा थर, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा खळगा.

गेल्या महिन्यात मी आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंसमोर दोन साबणांच्या वड्या ठेवल्या. एक दुकानदाराने खूप खपते म्हणून दिलेली, एक मी जाहिरात बघून आणलेली. म्हटलं, तुम्ही सांगा, कुठली आणू. त्यांना आधी वाटलं मी चिडलेय कशावरून तरी. मग दोन्ही वड्या ओल्या करून त्यांनी एकेक पातेलं घासलं, हात धुतले, बोटं फाकवून बघितली.

"ही नको," त्या म्हणाल्या. "हिला वास चांगलाय, पण खाली पाणी साचलं की अर्धी विरघळून मोरीत जाते. आणि बेचक्यात झोंबते. ती दुसरी आणा. आणि ताई, वडी ठेवायला भोकाची डबी आणा, नाहीतर तीही टिकायची नाही."